कोकणात बंगले वाढतायत, चैन वाढतेय... गावाचं नक्की काय होतंय?

सड्यावरचा

नमस्कार मंडळी, बरेच दिवस हे डोक्यात घोळतंय. घरात विषय काढला की भांडणावर जातो म्हणून इथे लिहितोय. लांबलंय, सांभाळून घ्या.

मी दापोली तालुक्यातला. समुद्र चार किलोमीटर खाली, आमची वाडी वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर. शेजारच्या जागेत तीन वर्षांपूर्वी एक बंगला झाला, मालक पुण्याचे. माणसं खरंच चांगली आहेत, भेटले की आधी तेच नमस्कार करतात, दिवाळीला आईला फराळाचा डबा असतो, त्यामुळे हा धागा त्यांच्या विरोधात नाही हे आधीच सांगतो. बंगल्याला स्विमिंग पूल आहे. लांबी दहा मीटर, रुंदी चार, पाणी साधारण छातीपर्यंत म्हणजे सव्वा मीटरच्या आतबाहेर. हिशोब केलात तर साधारण ५० हजार लिटर होतात. जलजीवन मिशनमध्ये माणशी दिवसाला ५५ लिटर धरलेत, आमचं घर पाच माणसांचं, म्हणजे त्या एका पुलात आमच्या घराचं जवळजवळ सहा महिन्यांचं पाणी आहे. पाण्यावर झाकण नाही, त्यामुळे मे महिन्यात रोज शेदोनशे लिटर नुसतं उन्हाने उडून जातं.

आता गेल्या एप्रिलचं सांगतो. आमच्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो पण जांभ्या दगडातून सगळा झिरपून खाली समुद्राकडे जातो, होळी झाली की विहिरी तळाला. वाडीच्या विहिरीत पहाटे चारला नंबर लागतात. कळशी बुडेल एवढं पाणी नसतं, म्हणून एक जण खाली उतरून झऱ्यापाशी बसतो आणि वाटीने कळशी भरतो, भरली की वर ओढायची, मग झरा परत साचेपर्यंत दहा मिनिटं थांबायचं. माझी आई सहासष्ट वर्षांची, ती काठावर दोरी धरून बसली होती आणि मी खाली. तेवढ्यात वर टँकरचा आवाज आला, दहा हजार लिटरचा, बंगल्याकडे चाललेला. मी बाहेर आलो तेव्हा तो निघून गेला होता, पण मागचा वॉल्व गळत असणार, कारण लाल रस्त्यावर ओली रेघ पडली होती बंगल्याच्या गेटापर्यंत. आई काही बोलली नाही, नुसती त्या रेघेकडे बघत राहिली, ऊन चढलं तशी ती रेघ सुकून गेली.

पण मंडळी, आता दुसरी बाजू. हाच बंगला बांधताना आमच्या वाडीतल्या सुताराला आठ महिने काम मिळालं. मालकांना जुन्या पद्धतीची पडवी हवी होती, सागवानी खांब, पितळी कड्यांचा झोपाळा, दाराला कोरलेली गणेशपट्टी. सुतार आमचा मुंबईत फर्निचरच्या गाळ्यात प्लायवूड कापत होता बारा वर्षं, तो परत आला. गणेशपट्टी कोरायला त्याला त्याच्या बापाने शिकवलं होतं, ते काम त्याने बारा वर्षांत एकदाही केलं नव्हतं. आठ महिन्यांत त्याने जे कमावलं ते मुंबईत तीन वर्षांत सुटलं नसतं, आणि आता त्याच्या हाताखाली दोन पोरं शिकतायत. गवंडी गावचे, केअरटेकर जोडपं खालच्या वाडीतलं.

म्हणजे घर एक, मालक एक, पैसाही तोच. एका हाताने त्या पैशाने माणूस गावात परत आणला, दुसऱ्या हाताने पाणी नेलं. मग मी चैन वाईट म्हणू की चांगली? मला हल्ली असं वाटायला लागलंय की प्रश्नच चुकतोय. किती खर्च केला यापेक्षा खर्च करून काय विकत घेतलं ते बघायला पाहिजे. माणसाचे हात विकत घेतले तर ते हात उद्या जास्त तयार होतात, पण गावातलं पाणी, किनारा, जमीन घेतली तर ती दुसऱ्याची कमीच होते, ती कोणी नवी तयार करू शकत नाही. तुम्हाला काय वाटतं? तुमच्या गावात काय चाललंय तेही लिहा.

परळचा चाकरमानी

भावना समजली पण थोडं खटकलं. मूळ गाव संगमेश्वरजवळ, जन्म परळच्या चाळीतला. वडील गिरणीत होते. जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि गावची मनीऑर्डर बंद झाली, आजी पोस्टमनची वाट बघत ओटीवर बसायची ते काका अजून सांगतात. कोकण पिढ्यानपिढ्या मनीऑर्डरवर जगलं, आज कोणी स्वतः येऊन गावात पैसा टाकतोय तर आपण त्याच्या पुलाचं माप काढतोय. जमीन कोणी जबरदस्तीने घेतली नाही, आपल्याच हिस्सेदारांनी सह्या करून विकली. आधी स्वतःकडे बघूया.

सड्यावरचा

@परळचा चाकरमानी, दादा सह्या आपल्याच लोकांनी केल्या हे शंभर टक्के मान्य, त्यात माझा चुलताही आहे. पण चुलत्याने विकली ती त्याच्या हिश्श्याची जमीन, त्या जमिनीखालचं पाणी त्याचं एकट्याचं नव्हतं, ते वाडीचं होतं. सातबारावर पाण्याला नाव लागत नाही म्हणून ते फुकट आहे असं थोडंच आहे.

देवगडवाला

आमचं पोटच चैनीवर आहे हो. सीझनच्या सुरुवातीला वाशी मार्केटला आंब्याची जी पहिली पेटी जाते ती घेणारा काय भूक लागली म्हणून घेतो का? ती चैनच. त्याच पैशावर आमची वर्षभराची फवारणी, झेल्याने आंबा उतरवणारे गडी, पेटी भरणाऱ्या बायका आणि बागेत राहणारी नेपाळी राखण्यांची कुटुंबं चालतात. एक आंबा देठासकट उतरवून, चीक गळू न देता, पेंढ्यात भरून मुंबईला पोचवायला किती हात लागतात ते बघा. लोकांनी उद्या साधं राहायचं ठरवलं आणि बारा महिने केळीच खाल्ली तर देवगड रत्नागिरी दोन्ही बसतील. त्यामुळे "चैन = पाप" हे मला पटत नाही, पण तुमचं हातांचं आणि पाण्याचं म्हणणं पटतंय, कारण कलमाला सुरुवातीची काही वर्षं पाणी घातलं की पुढे ते पावसावर उभं राहतं आणि माणसाला काम देत राहतं. तुमचा तो पूल कोणाला काय देतो?

ओटीवरची बाई

मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते (रायगड जिल्हा), म्हणून राहवत नाहीये. हा वाद तीनशे वर्षं जुना आहे. १७०५ साली लंडनमधल्या मँडेव्हिल नावाच्या डॉक्टरने मधमाश्यांच्या पोळ्यावर एक कविता छापली होती. पोळ्यातल्या माश्या लबाड, हौशी, दिखाऊ, पण सगळ्यांना काम आहे. मग एक दिवस सगळ्या सद्गुणी होतात, साधेपणाने राहायला लागतात, आणि शिंपी, सुतार, दुकानदार सगळे बेकार होऊन पोळं ओस पडतं. एकाचा दुर्गुण हा समाजाचा फायदा, असा त्याचा दावा. लोक भयंकर चिडले होते. मलाही तो दावा अर्धाच पटतो, कारण लबाडी न करताही माणूस सुताराला काम देऊ शकतो, त्यासाठी दुर्गुण कशाला हवा?

त्यानंतर १७५२ मध्ये डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने जास्त शहाणपणाने लिहिलं. त्याचं म्हणणं असं की कारागिरी आणि सुखसोयी वाढल्या की माणसं उद्योगी होतात, एकमेकांत मिसळतात, ज्ञान वाढतं, म्हणून चैनीला सरसकट नावं ठेवू नका. पण जी चैन भागवताना माणसाकडे दुसऱ्याला मदत करायला, आपलं कर्तव्य करायला काहीच उरत नाही ती वाईट. मी वर्गात हे शिकवते तेव्हा पोरांना सांगते की इथे किंमत किती याचा संबंधच नाही, वीस लाखाचं लग्न आणि दोन लाखाचं लग्न दोन्ही वाईट असू शकतात.

आणि १७७६ मध्ये ॲडम स्मिथ या अर्थशास्त्रज्ञाने लिननच्या शर्टचं उदाहरण दिलंय. लिननचा शर्ट जगायला लागत नाही, ग्रीक रोमन लोक त्याच्याशिवाय मजेत राहिले, पण त्याच्या काळातल्या साध्या मजुरालाही तो नसेल तर चारचौघांत जायची लाज वाटायची, म्हणून तो गरजेतच धरायचा. माझी आजी सांगायची, तिच्या लहानपणी चहा पाहुण्यांपुरता, पायात चप्पल म्हणजे मिरवणं. आज चप्पल नसलेलं पोर शाळेत आलं तर आपल्यालाच कसंतरी होतं. चैनीची रेषा अशी सरकत असते, त्यामुळे बोट दाखवताना जपून.

कर लावून चैन थांबवायची तर तेही सोपं नाही. अमेरिकेने १९९० मध्ये कायदा करून एक लाख डॉलरच्या वरच्या बोटींवर, वरच्या रकमेवर १० टक्के कर लावला. श्रीमंतांनी बोटी घेणं थांबवलं किंवा दुसरीकडे पैसा घातला, तेव्हा मंदीही होती, आणि कामावरून गेले ते बोटी बांधणारे सुतार आणि रंगारी. १९९३ मध्ये तो कर काढून टाकावा लागला.

सोनाराची नात

वरचं बोटींचं वाचलं आणि माझ्या आजोबांची आठवण झाली, हे आपल्याकडेच झालंय हो. जानेवारी १९६३, चीन युद्ध नुकतंच झालेलं, मोरारजी देसाई अर्थमंत्री, सुवर्ण नियंत्रण आलं. १४ कॅरेटच्या वर दागिना घडवायचा नाही. हेतू चांगलाच होता, सोनं बाहेरून येतं, परकीय चलन जातं, लोकांनी हौस कमी करावी. पण १४ कॅरेटचं मंगळसूत्र कोण करून घेणार? आजोबांचं राजापूरकडे छोटं दुकान, कुड्या, बुगड्या, मोहनमाळ असली बारीक कामं करायचे, तीही ऑर्डर आली तर. दोन महिन्यांत शेगडी विझली. त्यांनी ऐरण आणि फुंकणी फडक्यात बांधून माळ्यावर ठेवली आणि मुंबईला गोदामात हिशोबनीस म्हणून लागले. १९६६ मध्ये १४ कॅरेटची अट उठली, सोनं नियंत्रण कायदा तर १९९० पर्यंत होता, पण आजोबा परत आले नाहीत आणि माझ्या बाबांना ते काम कधीच शिकता आलं नाही. श्रीमंताकडचं सोनं मात्र तिजोरीत तसंच होतं, त्याला काही झालं नाही.

म्हणून मला चैनीवर सरसकट बंदी म्हटलं की भीती वाटते. ज्याच्याकडे आहे तो थांबू शकतो, ज्याचे हात त्यावर चालतात तो थांबू शकत नाही.

मोती तलाव

छोटीशी भर. सावंतवाडीची गंजिफा, म्हणजे खेळायचे गोल पत्ते, ही दरबारी चैनच की, दशावतारी गंजिफेची १२० पानं, प्रत्येक हाताने रंगवलेलं गोल पान. ती कला संपत आली होती तेव्हा शिवरामराजे आणि राणीसाहेब सत्वशीलादेवींनी राजवाड्यातच कारागीर बसवून लाखकाम आणि गंजिफा परत सुरू केली. विकत घेणारे हौशी लोक नसते तर आज ते पान म्युझियमच्या काचेत असतं.

उरणची लेक

सगळे वरच्या लोकांच्या चैनीबद्दल बोलताय, मी आपल्या घरातल्या चैनीबद्दल लिहिते, कारण मला तेच जास्त दुखतं. १९७० ला नवी मुंबई वसवायला सिडको हे सरकारी महामंडळ आलं, जमिनी गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं, पाच जण गोळीबारात गेले, तेव्हा कुठे गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के एवढे विकसित भूखंड मिळायचा मार्ग झाला. त्या रक्ताच्या पैशाचं आमच्याच घरात काय झालं ते मी बघितलंय. एका काकांनी भूखंडातला हिस्सा विकून गाडी घेतली, काकीला सोनं केलं, पोराची हळद अशी केली की गावात अजून नाव निघतं. डीजे, स्टेज, मटणाच्या पंगती दोन दिवस. पुढच्या वर्षी धाकट्या काकांच्या घरी लग्न होतं, त्यांचा भूखंड आधीच गेलेला, मग त्यांनी तेवढीच हळद पतसंस्थेचं कर्ज काढून केली. का? तर लोक काय म्हणतील. माझा चुलत भाऊ, नवरा मुलगा, हळद लागलेल्या अंगाने मंडपामागे उभा राहून मला म्हणाला, ताई मला हे नको होतं गं. त्याचा अर्धा पगार आज सहा वर्षं झाली तरी हप्त्यात जातो.

थोरल्या काकांना परवडलं, त्यांचं काही वाईट झालं नाही. पण त्यांनी हळदीची जी उंची ठरवली ती धाकट्याच्या डोक्यावर येऊन बसली. चैनीचं बिल नेहमी चैन करणाऱ्यालाच येत नाही.

सड्यावरचा

@उरणची लेक, ताई तुमचं वाचून काही वेळ फोन बाजूला ठेवला. आमच्याकडे हळदीचं एवढं नाही पण घराचं सेम आहे. बंगले आले तसं वाडीत प्रत्येकाला कौलं काढून स्लॅब टाकायचाय. आमचं मातीच्या भिंतीचं कौलारू घर मे महिन्यात आत गेलं की गार वाटतं, आणि शेजारी चार लाखाचं कर्ज काढून स्लॅब टाकला त्यांना आता रात्री झोप येत नाही उकाड्याने, एसीचं बघतायत. केअरटेकरचा मुलगा सातवीत आहे, तो परवा म्हणाला काका आमच्या घराचा फोटो नको काढू, जुनं आहे. आधी त्याला हे घर जुनं वाटत नव्हतं. हे पैशात कसं मोजायचं मला कळत नाही, पण हे झालंय आणि आपल्या डोळ्यासमोर झालंय.

@सोनाराची नात, म्हणूनच बंदी नको हे पटलं. सुताराचं काम बंद पडावं असं मला स्वप्नातही वाटत नाही.

रापणकर

मालवण. तारकर्लीच्या आसपास आमचं न्याहरी निवास आहे, चार खोल्या, त्यामुळे मी दोन्ही बाजूंनी बोलतो. १९९७ ला सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा झाला तेव्हा बाबांनी पहिली खोली काढली. पर्यटक आले म्हणून माझी बहीण शिकली, हे मी नाकारणार नाही. पण पूर्वी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढली की ज्याने दोरीला हात लावला त्याला वाटा मिळायचा, म्हातारी बाई असो की पोर असो, आणि त्यात कधी सुरमईसुद्धा यायची. आता चांगला मासा बंदरावरूनच परस्पर मोठ्या हॉटेलांना जातो, मागणी एवढी की मासे ओढायला एलईडी दिवे लावून, पर्ससीनच्या प्रचंड जाळ्यांनी समुद्र खरवडतात. एलईडीच्या मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली, पर्ससीनवर राज्याने २०१६ मध्ये निर्बंध आणले, तरी रात्री समुद्रात उजेड दिसतोच. माझ्या पाहुण्यांना पापलेट पाहिजे असतं आणि आम्ही घरात बांगडा मिळाला तरी देवाला हात जोडतो. धागाकर्त्याचं पाणी आणि आमचा मासा एकच आहे. मासा काय ऑर्डर दिली म्हणून जास्त अंडी घालत नाही.

आणि पाण्याचं म्हणाल तर आमची आई म्हणते, "हय पिवक पाणी नाय आणि थय पोवक टाकी."

परळचा चाकरमानी

मी आधी थोडा चिडून लिहिलं होतं. रापणीचा वाटा वाचून गावची आठवण झाली, आमच्याकडे खाडीच्या माशांचे असेच वाटे व्हायचे. पण मग उपाय काय? बंगलेवाल्यांना येऊ नका सांगायचं का?

माजी सदस्य

ग्रामपंचायतीत दहा वर्षं होतो, म्हणून थोडं कामाचं लिहितो. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून (म्हणजे जिथून पाणी घेतात ती विहीर, झरा वगैरे) ५०० मीटरच्या आत नवी विहीर किंवा बोअर घ्यायला १९९३ च्या कायद्याने अटकाव होता, नंतर २००९ चा भूजल कायदा आला त्यातही सार्वजनिक उद्भवाला संरक्षण आहे. वाडीची विहीर उद्भव म्हणून नोंदलेली आहे का ते आधी ग्रामसेवकाकडून लेखी घ्या. बऱ्याच ठिकाणी नोंदच नसते आणि मग कायदा असून नसल्यासारखा.

दुसरं, भांडण्याआधी छप्पर मोजा. बंगल्याचं छप्पर २०० चौरस मीटर धरा, पाऊस तीन मीटर, म्हणजे एका पावसाळ्यात सहा लाख लिटर त्या एकाच छपरावर पडतात. यातले पन्नास हजार जरी झाकलेल्या टाकीत साठवले तरी टँकरची गरज उरत नाही. जो माणूस पुलाला खर्च करतो त्याला टाकीचा खर्च जड नाही. त्याला कोणी विचारलेलंच नसतं, पण ग्रामसभेत बोलावून आदराने सांगितलं तर बहुतेक ऐकतात, हा माझा अनुभव. नाही ऐकलं तर ठराव. आणि टाकी बांधायला गावचाच गवंडी घ्या, फेरोसिमेंटचं (लोखंडी जाळीवर सिमेंटचा पातळ थर) काम त्याला एकदा शिकवलं की पुढच्या दहा बंगल्यांना तोच जाईल.

ओटीवरची बाई

हे सहा लाख लिटरचं गणित मी उद्या वर्गात फळ्यावर मांडणार आहे.

सड्यावरचा

मंडळी, अपडेट. ग्रामसेवकांना अर्ज दिला. विहिरीची नोंद नाहीच निघाली, आता ती करायला घेतलीये, वाडीतल्या एकवीस घरांच्या सह्या झाल्या. मालकांना फोन करायला मला दोन दिवस लागले, काय बोलू तेच कळत नव्हतं. शेवटी सरळ सांगितलं, विहिरीत उतरून वाटीने पाणी भरतो ते, टँकरचं, आईचं. बराच वेळ शांत होते. मग म्हणाले की मला टँकर कुठून येतो हेसुद्धा माहीत नव्हतं, केअरटेकर मागवतो आणि मी पैसे पाठवतो. पुढच्या शनिवारी येतायत, ग्रामसभेलाही थांबतो म्हणाले. पूल बुजवणार नाहीत, तसं मी म्हटलंही नाही, पण मार्च ते जून टँकर मागवणार नाही आणि टाकीचा खर्च किती येईल ते विचारून ठेवा असं म्हणाले. झाकण घालायचं मात्र त्यांच्या बायकोला पटत नाहीये, ते बघू.

आज सकाळी गवंडी आणि सुतार दोघं टेप घेऊन गेले होते. पागोळी दोन बाजूंना पडते, मागच्या बाजूला पन्हळ बसवायला जागा आहे पण झोपाळ्याच्या पडवीकडे खांब मध्ये येतो, तिथे पाइप कसा न्यायचा यावर दोघांचं अजून एकमत नाही. कोणी असं काम केलं असेल तर फोटो टाका प्लीज, शनिवारच्या आधी.